उघड्यावरच्या सिस्टर

सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अंगणात बाजेवर बसून केस विंचरत होत्या. आरसा कडुलिंबाच्या खोडातल्या खिळ्यावर टांगलेला होता आणि शेजारच्या खिळ्यावर पिशवीत मोबाईल. बँकेत माझी नवीन नेमणूक झाली होती. नाशिकहून मुखेडपर्यंतच्या प्रवासानं अंग आंबून गेलं होतं आणि भाड्याची खोली शोधत मी या घरापाशी आले होते. घर चांगलं स्लॅबचं, निळ्या रंगाचं. अंगणाला गुडघाभर उंचीची भिंत, त्यामुळे रस्त्यावरून सगळं दिसायचं. मी विचारलं, "घरमालकीण आत आहेत का?"

"आत कामून आसतील?" कंगव्यातला गुंता सोडवत त्या म्हणाल्या. "आत कपाट हाय, फ्रीज हाय. मालकीण हितं हाय."

घरमालकांच्या अटी मी तोवर पुष्कळ ऐकल्या होत्या. रात्री उशिरा यायचं नाही, पाहुणे आणायचे नाहीत, मटण शिजवायचं नाही. सिस्टरनी यातलं काही विचारलं नाही. माझी जात विचारली नाही, लग्न का झालं नाही तेही विचारलं नाही. त्यांची अट एकच होती. "संध्याकाळचं जेवण अंगणात करायचं. आत दार लावून जेवायचं आसल तर दुसरी खोली बगा बाई."

मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पहिल्याच संध्याकाळी मी खोलीत पंख्याखाली ताट घेऊन बसले, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, तर दारावर थाप. सिस्टर उभ्या. "चला," म्हणाल्या आणि माझं ताट उचलून चालू लागल्या. ताट गेल्यावर माणूस काय करणार? मागोमाग गेले.

त्या सरकारी नर्स होत्या. उभी नोकरी तालुक्यातल्या खेड्यांत, उपकेंद्रांवर झाली. नवरा लवकर गेला, एकुलत्या मुलाला त्यांनी याच घरात वाढवून इंजिनिअर केलं. गावात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली त्या बायकाही सिस्टर म्हणायच्या आणि त्या बाळंतपणांत जन्मलेले, आता मिशा आलेले बाप्येही सिस्टरच म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात तसाच ठेवून त्या घरी आल्या, आतली बाज एकटीनं ओढत बाहेर काढली आणि कडुलिंबाखाली टाकली. ती बाज पुन्हा म्हणून आत गेली नाही.

बाज मात्र एका जागी नसायची. झाडाची सावली सरकेल तशी तीही सरकायची. सकाळी न्हाणीच्या भिंतीला, दुपारी खोडाला चिकटून, उन्हं कलली की फाटकाशी. गल्लीतल्या बायका त्यावर वेळ ठरवायच्या. "सिस्टर फाटकाशी आल्या, आता शाळा सुटंल," असं म्हणत शेजारच्या काकू चुलीवर आधण ठेवायच्या. ढगाळ दिवशी अख्ख्या गल्लीच्या स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

पहाटे त्या पूर्वेकडे तोंड करून वंदना म्हणायच्या. बुद्धमूर्ती आत बैठकीत होती, पण वंदना अंगणातच. मग कडुलिंबाची काडी चघळत अंगण झाडायचं, तीन दगडांच्या चुलीत तुरीच्या काड्या सारायच्या आणि चहा करायचा. गॅसची शेगडी आत चकचकीत पुसून ठेवलेली होती. ती पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की सिस्टर त्यांनाही बाहेरच बसवायच्या, म्हणजे शेगडी बिचारी नुसतीच उभी.

न्हाणीला चार भिंती होत्या आणि छप्पर नव्हतं. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन आत गेले, वर पाहिलं आणि तशीच बाहेर आले. "सिस्टर, वर पत्रा नाहीये."

"बराबर. कोण बघून राहिलं वरून? होला बसतो भिंतीवर, त्याची काय लाज?"

होला म्हणजे पारव्यासारखा दिसणारा, मातकट रंगाचा पक्षी. तो खरंच बसायचा. आठवडाभर मी अंगावर परकर गुंडाळून आंघोळ केली. नंतर मला त्याची इतकी सवय झाली की तो दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

इतका सगळा वेळ उघड्यावर काढणाऱ्या बाईला पावसापाण्याचं चांगलं कळत असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. सिस्टर आभाळाकडे बघत, डोळे बारीक करत, देगलूरकडून वारं सुटलंय वगैरे सांगत आणि छातीठोकपणे म्हणत, "आज न्हाई येत." त्यांचं ऐकून मी दोनदा वाळवण घातलं आणि दोन्ही वेळा पापड गोळा करून भिजल्या पिठाचे गोळे केले. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. सिस्टर "न्हाई येत" म्हणाल्या की काकू लगेच दोरीवरचे कपडे काढायच्या. सिस्टरना त्याचं काही वाटायचं नाही. भिजल्या तर भिजल्या. पाऊस आला की बाज ओसरीच्या पत्र्याखाली ओढायची, थंडीत तिथंच वाकळ पांघरून झोपायचं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

हे वेड कुठून आलं, असं मी एकदा भाकरी खाताना विचारलं. त्यांनी चुलीत एक फुंकर घातली. मग म्हणाल्या, "जिंदगीभर कोंदट खोल्यांत गेले बाई मी. बाळंतिणीला हवा लागंल म्हनून खिडकीत चिंध्या कोंबायचे लोक. दार बंद, वरून धूर. आत पाय टाकला की मी आधी खिडकी उघडायला सांगायची, मग बाईला हात लावायची. सासवा मला शिव्या द्यायच्या. बाहेर आले की वाटायचं, एकदा सुटले ह्याच्यातून की आत म्हनून जायचीच न्हाई."

त्यांची नोकरी अशी चार भिंतींच्या आतली, आणि माझीही. दिवसभर बँकेत काचेच्या मागे ट्यूबलाइटखाली बसायचं, घरी येऊन मोबाईलच्या उजेडात बसायचं. माझं डोकं कायम जड असायचं, झोपेला तर मी कधीच रामराम ठोकला होता. अंगणात जेवायला लागल्यावर पहिले काही दिवस माझं लक्ष डासांकडे होतं. मग कधीतरी ते वाऱ्याकडे गेलं. साळुंक्या झाडात शिरताना किती भांडतात ते कळलं. चंद्र रोज उशिरा उगवतो हे शाळेत शिकले होते, पण आज तो काकूंच्या टाकीमागून येणार की शेवग्यामागून, हे मी आता स्वतः सांगू लागले. उन्हाळ्यात मीही एक बाज विकत घेतली. पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा पानांतून उजेड तोंडावर पडला होता आणि डोकं हलकं होतं. मला इतका आनंद झाला की मी आईला फोन करून नुसतं "झोप लागली" एवढंच सांगितलं. ती नाशिकला बसून घाबरली.

सगळं असं छान चाललं होतं, आणि मग ब्लँकेटचं प्रकरण घडलं.

थंडीचे दिवस होते. बाहेरगावच्या कुठल्याशा मंडळाची पोरं गाडी घेऊन निराधारांना ब्लँकेट वाटत फिरत होती. ओसरीत बाजेवर बसलेली म्हातारी त्यांना रस्त्यावरून दिसली. मी बँकेत होते. संध्याकाळी परत आले तेव्हा सिस्टर भलत्याच खुशीत, अंगावर नवंकोरं लाल ब्लँकेट.

"सत्कार झाला माझा," त्या म्हणाल्या. "निवृत्त नर्सांचा करून राहिले वाटतं. लई चांगली लेकरं. मी म्हनलं थांबा, लुगडं बदलते. पावडर लावली. पहिला फोटो हालला, मग दुसरा काढाय लावला."

"आणखी काय बोलली ती पोरं?"

"इचारलं, पोरं काय करतात. म्हनलं, येकच हाय, इंजिनिअर, लातूरला. म्हनले, मग तुमी हितं बाहेर झोपता? म्हनलं हाव, बारा महिने."

जेवणं व्हायच्या आत तो फोटो माझ्याच मोबाईलवर येऊन पडला. सिस्टर ठेवणीतल्या लुगड्यात, कानात सोन्याची फुलं, तोंडभर हसू. आणि खाली लिहिलेलं: मुलगा इंजिनिअर, आई उघड्यावर. हेच का संस्कार? फोटो कुणी नीट बघत नाही, खालचं मात्र सगळे वाचतात. मुखेडहून तो नायगावला गेला, नांदेडला गेला आणि लातूरला मुलाच्या ऑफिसात पोचला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. साधा, मितभाषी माणूस. आईवर अतोनात जीव. गल्लीतल्या कुणी जय भीम घातला तरी त्यानं मान वर केली नाही. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाला, "माय, सामान भर."

"बस तरी आधी. चहा टाकते."

"आज्याला छप्पर नव्हतं. पाऊस आला की दुसऱ्याच्या गोठ्याच्या वळचणीला उभा राहायचा, तूच सांगितलंस मला. म्हणून तू हे घर बांधलंस. विटा सोता वाहिल्यास, मी बघितलंय. कशासाठी? परत उघड्यावर झोपायला?"

"तुझ्या आज्याला उघड्यावर राहावं लागत होतं," सिस्टर म्हणाल्या. "मला राहू वाटतंय. दोन्ही येकच हाय का बाबा?"

"बघणाऱ्याला एकच दिसतं, माय."

मुलाचा आवाज भरून आला. ऑफिसात सगळे माझ्याकडं बघून राहिले, एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिस्टरनी मला पिशवी आणायला सांगितली. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "लेकराची इज्जत गेली तर मी सावली घिऊन काय करू?"

मला फार राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना. मुलाचं चूक नव्हतं, ब्लँकेटवाल्या पोरांचंही नव्हतं. 'उघड्यावर' हा आपल्याकडचा शब्दच असा आहे की तो ऐकला की कुणीतरी कुणाला तरी टाकलंय असंच वाटतं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द खरा होता, त्यांना तो किती झोंबत असेल ते मला नाशिकच्या बंगल्यातून आलेलीला काय कळणार? पण अंगण रिकामं झालं ते झालंच. मी अट पाळत राहिले. संध्याकाळी ताट घेऊन एकटीच झाडाखाली बसायचे. मग एक दिवस शेजारच्या काकू त्यांचं ताट घेऊन आल्या, म्हणाल्या, "आत घास उतरंना."

फोनवर सिस्टर सगळं बरं आहे म्हणायच्या. सून चांगली आहे, खायला मिळतं, टीव्ही मोठा आहे. "हितं थंडी बी बटनावर हाय," असं एकदा म्हणाल्या. आणि मग, "करमंना बाई."

वैशाखात बँकेचं प्रशिक्षण निघालं लातूरला. मी त्यांच्याकडेच उतरले. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, वरचा. सिस्टरांचा रंग उतरला होता, बाई मिटल्यासारखी झाली होती. दिवसभर त्या जाळी लावलेल्या बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि कुंडी यांच्या मधल्या फटीत स्टूल टाकून बसायच्या. डोक्यावरच गच्ची होती, पण तिला कुलूप. चावी दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांकडे. सिस्टरनी मागून बघितली होती. "आजी, नियम आहे. वर टाक्या आहेत," असं उत्तर मिळालं होतं.

त्या दिवशी दुपारीच कुठंतरी ट्रान्सफॉर्मर जळाला. लाइट गेली ती येईचना. लिफ्ट बंद, पंखे बंद. उन्हानं तापलेल्या त्या सिमेंटच्या खोल्यांत बसवेना. उन्हं कलायच्या सुमाराला मी प्रशिक्षणाहून जिने चढत येत होते, तर दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या दारात गर्दी. त्यांच्या बायकोला घाबरं झालं होतं. चार जणी वारा घालत होत्या, कुणी कांदा हुंगवत होतं, आणि वारा घालणाऱ्यांनी मिळून सगळा वारा अडवला होता.

"सरका."

वरून सिस्टर उतरत होत्या. तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. त्यांनी बाईची नाडी बघितली, पापणी ओढून बघितली, पाणी पाजलं आणि सेक्रेटरींकडे वळल्या. "हिला काई झालं न्हाई. हवा पायजे. चावी काढा."

"अहो पण आजी, गच्चीवर टाक्या..."

"टाक्या पेत न्हाई मी. चावी काढा."

त्यांनी चावी काढली. सरकारी नर्सच्या त्या आवाजापुढे उभ्या तालुक्यातल्या सासवा टिकल्या नव्हत्या, सेक्रेटरींचं काय घेऊन बसलात.

गच्चीचं दार उघडलं आणि पश्चिमेकडून आलेला वारा अंगावर धावून आला. सिस्टर क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि लसीकरणाच्या शिबिरासारखा कारभार हाती घेतला. तापलेल्या फरशीवर बादल्या ओतायला लावल्या. टाकीच्या सावलीत सेक्रेटरीणबाईंना निजवलं. मजल्यामजल्यावर निरोप धाडले की चटया आणा, म्हाताऱ्यांना आधी आणा, जे काय शिजलंय ते घेऊन वर या. लोक लाजत लाजत आले. त्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांना एकमेकांची आडनावं दारावरच्या पाटीपुरती ठाऊक होती. आता कुणाचे धपाटे, कुणाची मुरमुऱ्यांची सुशीला, कुणाचं दही असं सगळं एका सतरंजीवर आलं. आभाळ लाल झालं, मग जांभळं झालं. राघूंचा एक थवा डोक्यावरून गेला तेव्हा एक आजोबा उठून उभे राहिले. म्हणाले, इथं राहायला आल्यापासून पहिल्यांदा बघतोय.

सेक्रेटरीणबाई आता उठून बसल्या होत्या आणि लोणच्याची फोड चोखत होत्या. तेवढ्यात सिस्टरांचा मुलगा धापा टाकत दारात आला. ऑफिसातून येऊन चार जिने चढला होता, दार सताड उघडं, घरात आई नाही, बायको नाही, काळजीनं तोंड पांढरंफटक. त्याला बघून सेक्रेटरीणबाई हसून म्हणाल्या, "या साहेब, या. तुमच्या आईनं सगळ्या बिल्डिंगला उघड्यावर आणलं हो."

माझा हात ताटात थांबला. सुनेनं खाली बघितलं. त्या बाईंनी तो फोटो बघितला होता की नव्हता कोण जाणे, पण शब्द तोच निघाला. मुलगा दारातच उभा होता. त्यानं चटयांवर मांडी घालून बसलेल्या त्या सगळ्या चांगल्या घरच्या, फ्लॅटवाल्या माणसांकडे पाहिलं. बोटं चाटणाऱ्या सेक्रेटरींकडे पाहिलं. मग पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून हुकूम सोडणाऱ्या, वाऱ्यानं केस विस्कटलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग त्याला इतकं हसू आलं की दाराला धरावं लागलं. हसता हसता डोळे पुसत तो आईशेजारी जाऊन बसला.

"जेव," सिस्टर म्हणाल्या.

थोड्या वेळानं लाइट आली. खाली खिडक्या उजळल्या, लिफ्टचा आवाज आला. कुणी उठलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, आता वर आलोच आहोत तर बसू या, वारं बरं आहे. मुलानं ताट बाजूला ठेवलं आणि आईला हळूच विचारलं, "माय, मुखेडला परत जायचं का?"

"कवा?"

"पौर्णिमेला. खीर करू की अंगणात."

वैशाख पौर्णिमेला तोच आईला गाडीत घालून घेऊन आला. गल्लीत बातमी आधीच पोचली होती, काकूंनी अंगण सारवून ठेवलं होतं. सिस्टर गाडीतून उतरल्या त्या थेट झाडाखाली. खोडावरून हात फिरवला, चूल बघितली, मला म्हणाल्या, "वाळली गं तू," जे साफ खोटं होतं. मोठ्या पातेल्यात खीर शिजली. त्रिसरण, पंचशील झालं आणि मग सगळी गल्ली अंगणात पंगतीला बसली. भिंतीबाहेरून जाणाऱ्यालाही सिस्टर हाक मारून वाटी देत होत्या. इंजिनिअरसाहेब स्वतः वाढत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्या दिवशी मला मनापासून वाटलं की जिंकणं जिंकणं म्हणतात ते असंच काहीतरी असणार. रात्री तो आत झोपायला गेला नाही. माझी बाज मागून घेतली.

सकाळी उन्हं अंगणात आली तरी साहेब गाढ झोपलेले. तोंड उघडं, एक पाय बाजेखाली लोंबतोय, ऑफिसची वेळ टळत चाललेली. मी उठवायला गेले तर सिस्टरनी हातानं थांबवलं. तेवढ्यात दूधवाला भिंतीशी सायकल टेकवून आत वाकून बघू लागला.

"काय हो सिस्टर, साहेबाला घरात जागा झाली न्हाई का?"

सिस्टरनी दुधाचं पातेलं पुढं केलं. मुलाची झोप मोडू नये म्हणून आवाज बारीक केला, पण मान ताठ होती.

"घरात लई जागा हाय," त्या म्हणाल्या. "आमी बाहेर राहतो."